पाहुण्यांचं उज्जैन

11 ऑक्टोबर 2022 रोजी महाकालेश्वर मंदिरालगतच्या ‘महाकाल लोक’ या नव्या परिसराचं उद्घाटन झालं आणि मंदिराभोवतालच्या गल्ल्यांत खोलीचं भाडं महिन्याऐवजी रात्रीवर ठरू लागलं. घरांवर होम-स्टेच्या पाट्या चढल्या. शनिवार-रविवारी जी खोली यात्रेकरूला सहज देता येते, ती शिक्षकाला किंवा पेन्शनर जोडप्याला महिनाभर कोण देणार?

राणोजी शिंद्यांच्या काळात आलेली मराठी घराणी, 1810 मध्ये ग्वाल्हेरला गेलेली शिंद्यांची राजधानी, नंतरचं संथ शतक हे सगळं अनेकदा सांगून झालेलं आहे. इथे राहण्याच्या खर्चाचा हिशेब मांडायचा तर 1990च्या दशकाशीच थांबावं लागतं.

त्या दशकात विनोद-बिमल मिलला टाळं लागलं. हजारो कामगारांचं देणं थकलं. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यायला 2019 उजाडलं. तोवर कित्येक जण देवाघरी गेले होते. या दिरंगाईला क्षमा नाही.

तरीही त्या कामगारांची घरं तगली, कारण शहर स्वस्त होतं. फ्रीगंजहून गोपाल मंदिराकडे माणूस सायकलवर जाई. वाण्याच्या वहीत उधारी चाले. उन्हाळ्यात माळव्याचा नवा गहू घरी येई. बायका तो उन्हात वाळवत, निवडत, एरंडेलाचा हात फिरवून पत्र्याच्या कोठीत भरत. पगार थांबला तरी वर्षाची पोळी घरात असे.

आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोठी ठेवायला जागा नाही. पीठ पाच-पाच किलोच्या पिशवीतून येतं, महागच पडतं. जुन्या वस्तीतून दूर कॉलनीत गेलेल्यांना रोजचं पेट्रोल लागतं, आणि मध्य प्रदेशात ते 2021 मध्येच शंभरीपार गेलं. महाकालाच्या शीघ्र दर्शनाला माणशी 250 रुपये. चौघांचं घर हजार रुपये कुठून काढणार? ते सामान्य रांगेत उभं राहतं.

यात्रेकरूंमुळे रिक्षावाल्याच्या, हारवाल्याच्या हाती पैसा आला, हे खरंच आहे. पण मिलची बांधील नोकरी, दर महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी यांची जागा त्याने भरलेली नाही.

आता 2028च्या सिंहस्थाची तयारी जोरात आहे. रस्ते, पूल, घाट यांवर पैसा ओतला जातोय. सिंहस्थाच्या आराखड्यात इथे राहणाऱ्यांसाठी परवडणाऱ्या भाड्याची घरं किती, हे नगर निगमने वॉर्डावार जाहीर करावं आणि भरवस्तीतली किती घरं लॉज होऊ द्यायची, याची मर्यादाही सिंहस्थाआधीच ठरवावी.