सॉफ्टबॉलमधला ‘सॉफ्ट’ शब्द फसवा

शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत सॉफ्टबॉलची एक मोठी बॅग असते. तिच्यात दोन-तीन हेल्मेटे, नाडी सुटलेले ग्लोव्ह, पोचा आलेली एखादी बॅट आणि शिवण उसवलेले चेंडू एकमेकांवर पडलेले असतात. सरावाला आलेल्या मुली बॅग उपडी करतात आणि हाताला लागेल ते उचलतात. चांगला ग्लोव्ह अर्थातच दहावीच्या ताईला मिळतो. सातवीतल्या मुलीच्या वाट्याला उरलेला येतो, आणि तो कसा आहे हे ती कुणाला सांगत नाही. सांगितले तर संघातून बाहेर बसावे लागेल, किंवा घरी पैसे मागावे लागतील, अशी तिची भीती असते.

सॉफ्टबॉलचा चेंडू मऊ असतो, हा समज खेळाच्या नावामुळे झाला. १८८७ मध्ये शिकागोत हा खेळ प्रथम खेळला गेला तेव्हा मुष्टियुद्धाचा एक ग्लोव्ह दोरीने बांधून त्याचाच चेंडू केला होता आणि बॅट म्हणून झाडूचा दांडा वापरला होता. आजचा चेंडू मात्र चांगलाच टणक असतो. त्याचा घेर १२ इंच आणि वजन साधारण १७७ ते १९८ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जास्त. ताशी ८० किलोमीटर वेगाने आलेल्या अशा चेंडूत जवळपास ४७ ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचे वजन पावणेपाच मीटर उंचीवरून खाली पडावे, तेवढी.

वेळही हाताशी फार नसतो. मोठ्या मुलींच्या खेळात पिचर बॅटरपासून ४३ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरवर उभी राहते आणि चेंडू टाकताना एक पाऊल पुढे येते. बॅटला लागून ताशी १०० किलोमीटर वेगाने सरळ परत आलेला चेंडू तिच्यापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. डोळ्यांनी पाहून हात हलायला लागेपर्यंतच त्यातला पाव सेकंद संपतो. उरलेल्या क्षणात जे काही वाचवायचे ते हातातला ग्लोव्ह आणि चेहऱ्यावरची जाळी वाचवते.

म्हणूनच ग्लोव्हच्या सैल नाड्यांकडे ‘चालतंय की’ म्हणून पाहता येत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली चामड्याची जाळी नाड्यांवर तोललेली असते. नाडी सैल झाली की वेगातला चेंडू जाळी फाकवून आरपार जातो, आणि त्याच्या मागे बहुधा खेळाडूचा चेहरा असतो. तळव्यातले भरण चपटे झाले असेल तर प्रत्येक झेल हाडावर बसतो. मग मुलगी नकळत हात मागे घेऊ लागते आणि चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो. अशा वेळी कधी बोटाचे शेवटचे पेर सरळ ठेवणारा स्नायूबंध तुटतो. पेर खाली वाकलेले राहते, स्वतःहून सरळ होत नाही. मैदानावर असे बोट ओढून ‘बसवण्याची’ सवय सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. बर्फ लावून डॉक्टरांना दाखवावे. बहुतेकदा बोट सहा ते आठ आठवडे पट्टीवर सलग सरळ ठेवले की जुळते, पण त्यासाठी ते वेळेत दाखवायला हवे.

डावखुऱ्या मुलींची अडचण वेगळीच. ज्या हाताने फेकायचे त्याच्या विरुद्ध हातात ग्लोव्ह असतो. शाळेच्या बॅगेतले जवळपास सगळे ग्लोव्ह डाव्या हाताचे, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी. डावखुरी मुलगी तोच घालते, झेल घेते, ग्लोव्ह काढते आणि मग फेकते. नाहीतर नाइलाजाने उजव्या हाताने फेकत राहते आणि खांदा दुखवून घेते. तिच्या खेळात खोट काढण्याआधी तिच्या हातात काय दिले आहे ते पाहायला हवे.

हेल्मेटची गोष्ट जास्त गंभीर आहे. बाहेरचे कवच आघात पसरवते आणि आतले पॅड दबून डोके थांबण्याचा काळ किंचित वाढवतात. हा वाढलेला काळच मेंदूला बसणारा हिसका कमी करतो. पॅड कडक झाले, निघाले किंवा कवचाला बारीकशी भेग गेली, तर बाहेरून हेल्मेट दिसते पण आत काम करणारे काही उरत नाही. ऊन आणि घाम दोन्ही साहित्य झिजवतात. हेल्मेटला तेलरंग देणे, थिनर किंवा पेट्रोलने ते पुसणे यामुळेही प्लास्टिक कमकुवत होऊ शकते. ओल्या कापडाने आणि सौम्य साबणाने पुसून सावलीत वाळवणे पुरेसे. एकच हेल्मेट दहा जणी घालत असतील तर हे रोजच करावे. उवा आणि नायटा असेच पसरतात.

सायकलचे हेल्मेट इथे चालत नाही. त्याने कान आणि गालाचे हाड झाकले जात नाही, आणि ते बहुधा एकाच मोठ्या आघातासाठी बनवलेले असते. क्रिकेटचे पॅड बांधून कॅचरला बसवणे हाही असाच जुगाड. कॅचर सतत उकिडवी बसते, तिला गुडघ्यात वाकणारे आणि पावलाचा वरचा भाग झाकणारे गार्ड लागतात. क्रिकेटचे पॅड तिला धड बसू देत नाहीत आणि पाऊलही उघडे ठेवतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक बारकावा असतो, तो पुरुष प्रशिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. दोन वेण्या रिबिनीने वर बांधलेल्या असतील किंवा अंबाडा असेल, तर हेल्मेट डोक्यावर बसतच नाही, केसांवर तरंगते. धातूची क्लिप असेल तर आघातासरशी ती टाळूत रुतते. एकच वेणी मानेवर खाली सोडावी. हेल्मेट भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर यावे आणि मान हलवली तरी जागचे हलू नये.

बुटांकडे घरच्यांचेच लक्ष हवे. आठ ते चौदा वर्षांच्या वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग अजून कच्चा असतो. तळ झिजलेल्या किंवा तोकड्या झालेल्या बुटांत धावून तिथे दुखू लागते. मूल लंगडते आणि ‘काही नाही, थोडंसंच’ म्हणते. बॅटचेही वय बघावे लागते. मोठ्या भावाची जड बॅट हातात आली की फटका उशिरा येतो आणि मनगट ताणले जाते. हात सरळ पुढे करून एका हाताने बॅट अर्धा मिनिट आडवी धरता आली नाही, तर ती त्या मुलासाठी जड आहे, असा मैदानावरचा ढोबळ अंदाज आहे. मुठीचे वेष्टन गुळगुळीत झाले असेल, टोकाची टोपी हलत असेल किंवा बॅट आतून खुळखुळत असेल, तर ती कुणाच्याच हातात देऊ नये.

साहित्य बदलल्याने खरेच फरक पडतो का? अमेरिकेतील मिशिगनमध्ये डॉक्टरांनी सॉफ्टबॉलचे ६२७ सामने जमिनीत घट्ट रोवलेल्या बेसवर आणि ६३३ सामने धक्क्याने सुटणाऱ्या बेसवर पाहिले. घसरत बेस गाठताना पहिल्या प्रकारात ४५ जणांना दुखापत झाली, दुसऱ्यात फक्त दोघांना. १९८८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले. बदलला होता तो केवळ बेस.

प्रश्न उरतो तो मुलांशी बोलायचे कसे हा. सगळ्यांसमोर ‘कुणाचं सामान फाटलंय?’ असे विचारले तर एकही हात वर येत नाही. त्यात गरिबीची जाहीर हजेरी असते. त्याऐवजी एकेकीजवळ जाऊन ‘झेल घेताना हाताला कुठे लागतं गं?’ किंवा ‘हेल्मेट कुठे टोचतं?’ असे विचारले की उत्तर येते: ‘सर, चेंडू जाळीतून निसटतो.’ मग तिच्याच हाताने नाडी ओढून पाहायला लावायची. आठवड्यातून एकदा बॅग उपडी करून दोघी-दोघींनी प्रत्येक वस्तू तपासायची सवय लावली, तर भेग शोधणे हाही खेळ होतो आणि कोणती वस्तू कुणाच्या घरची, हा विषय मागे पडतो. तपासणीत दोष निघाला म्हणून त्या दिवशी कुणाला बाहेर बसवायचे नाही. तिला दुसऱ्या ग्लोव्हवर खेळवायचे. नाहीतर पुढच्या आठवड्यात ती भेग बोटाखाली झाकेल.

पालकांना सांगतानाही यादी हातात देऊन भागत नाही. एका हंगामात सगळे घेणे अनेक घरांना झेपत नाही. आधी चेहऱ्याची जाळी असलेले हेल्मेट, मग बूट, मग ग्लोव्ह असा क्रम लावता येतो. ग्लोव्हच्या नाड्या गावातला चांभारही नव्या ओवून देतो. सामायिक साहित्याचा खर्च मात्र शाळेनेच उचलायला हवा.

बाद केलेल्या हेल्मेटचे काय करायचे हेही ठरवून ठेवावे. ते खोलीच्या कोपऱ्यात टाकले तर जिल्हा स्पर्धेच्या सकाळी एक हेल्मेट कमी पडते आणि तेच पुसून पुन्हा बॅगेत जाते. म्हणून ते बाद करतानाच, मुलींच्या देखत, करवतीने मधोमध कापून टाकावे.