ब्रेकचे गुण जुळेनात

परंड्याच्या किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ १६३२ साली विजापूरला गेली. ती ओढून नेणाऱ्यांना ब्रेकची काळजी पडली होती की नाही, कोण जाणे! मला मात्र त्याच किल्ल्याकडच्या रस्त्यावर एका सायकलीने ती लावली.

सायकल आमच्या मेहुण्यांची; पुण्याहून आलेली, जाड टायरची, गिअरवाली, पंचवीस-एक वर्षांची. चिरंजीवांनी ती हौसेने ताब्यात घेतली. ब्रेकची एक दांडी मोडली होती, म्हणून दोन्ही नव्या बसवून आणल्या. दुसऱ्याच दिवशी म्हैस आडवी आली. दांडी दाबली ती थेट हँडलला टेकली आणि सायकल आपल्या मर्जीने पुढे! म्हैस शहाणी, तीच बाजूला झाली. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावले. सौभाग्यवतींनी सायकल भंगारात घालण्याचा हुकूम सोडला.

"सर, तार नवी, रबर नवं, मग लागंना कसा?" मिस्त्रीही चक्रावला.

वडिलांच्या काळ्या सायकलीला गजांचे ब्रेक होते. तिथे असल्या पत्रिका पाहाव्या लागत नसत. डोंगरी सायकलींच्या ब्रेकांत मात्र दोन गोत्रे आहेत. जुन्या, कँटिलिव्हर जातीत तार वरून मधोमध उतरते आणि दोन्ही भुजांना फाटा देते. १९९६ साली शिमानो या जपानी कंपनीने व्ही-ब्रेक आणला. त्याच्या भुजा लांब, उभ्या. तार एका बाजूने येऊन टायरवरून आडवी जाते. भुजा लांब म्हणून तारही जास्त ओढावी लागते, जवळजवळ दुप्पट. आमच्या चाकाला व्ही-ब्रेक, आणि हातात आली कँटिलिव्हरची दांडी. ती तार ओढणार थोडी, मग रबर रिमवर घट्ट बसणार कसे? रबर अगदी रिमलगत आणून ठेवले तर दाब भलताच वाढून चाक एकदम अडकते, आणि स्वार हँडलवरून पुढे. उलटी जोडी केली तर दांडी हाताला दगडासारखी लागते आणि ब्रेक मात्र दुबळा. (मराठीच्या प्राध्यापकाने यात डोके घालावे, याचे आमच्या स्टाफरूममध्ये फार हसे झाले.)

नशीब, गिअरचे खटके दांडीपासून वेगळे होते. एकत्र असते तर तेही बदलावे लागले असते. हँडलची जाडी मोजली, २२.२ मिलिमीटर, डोंगरी सायकलीला हीच असते. मग सोलापुराहून व्ही-ब्रेकच्या दांड्यांची जोडी मागवली. दोन्ही जातींना चालणाऱ्या दांड्याही मिळतात. त्यांत तारेचे टोक अडकवायची जागा बदलता येते. मिस्त्रीने अर्ध्या तासात काम केले आणि जुनी जोडी हातात वजन करून पाहत म्हणाला, "ही दिसायला सारखीच की ओ!"

पहिली फेरी चिरंजीवांना देऊ केली नाही. धोतर नेसत नाही हे बरे, असे म्हणत मीच बसलो. दारात सौभाग्यवती हाताची घडी घालून उभ्या होत्या. चार घरे गेलो, दोन बोटांनी दांडी दाबली. चाक थांबले.

"आता मागचा दाबून दाखवा," त्या म्हणाल्या.