दामाजीपंत सटाण्याला कसे आले

मराठीतल्या पोथी-वाङ्मयाचा आढावा घ्यायचा म्हटला की आपले विद्वान मुक्तेश्वरापाशी रेंगाळतात, मोरोपंतांची १०८ रामायणं मोजतात आणि श्रीधराला ‘सुबोध’ म्हणून दोन ओळींत वाटेला लावतात. सुबोध ही त्यांच्या लेखी शिवीच! नाझऱ्याच्या या माणसाने १७०२ मध्ये ‘हरिविजय’, लगेच पुढच्या वर्षी ‘रामविजय’, १७१२ मध्ये ‘पांडवप्रताप’ आणि १७१८ मध्ये ‘शिवलीलामृत’ पुरं केलं. ज्या घरांत दुसरं पुस्तक नव्हतं त्या घरांत ते रुमालात बांधून ठेवलेलं असे. एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’, त्याचा उरलेला भाग पुरा करणारा गावबा, वामनपंडित हे सारं वाचकांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही.

माझं दैवत महिपती. ते ताहाराबादचे, आमच्या सटाणा-बागलाणातलं ताहाराबाद नव्हे, राहुरीकडचं. मुल्हेरच्या वाटेवर त्या गावाची पाटी दिसली की त्यांना इकडे ओढून आणायचा मोह होतो खरा. १७६२ मध्ये त्यांनी ‘भक्तविजय’ पुरा केला. उत्तरेतले नाभाजी आणि आपल्याकडचे उद्धवचिद्घन यांचा आधार घेतल्याचं ते स्वतःच सांगतात. पण त्या आधारावर त्यांनी जे उभं केलं ते आमच्या सटाण्यात येऊन बघावं.

‘भक्तविजया’तल्या दामाजीपंतांची कथा सांगायला नकोच. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने सरकारी कोठारं भुकेल्यांना मोकळी केली, बेदरच्या बादशहाची भरपाई करायला विठ्ठल महाराच्या वेशात गेला. आता १८७०-७१चा दुष्काळ घ्या. बागलाणचे मामलेदार यशवंतराव भोसेकर सरकारी खजिना उघडतात, रक्कम लोकांत वाटतात आणि तपासणीला साहेब येतो तेव्हा खजिना भरलेला सापडतो, अशी श्रद्धा. सटाण्यात आरम नदीकाठी याच यशवंतरावांच्या, म्हणजे देवमामलेदारांच्या, मंदिरात मार्गशीर्ष वद्य एकादशीला यात्रा भरते तेव्हा हीच कथा पुन्हा सांगितली जाते. इतिहासवाले विचारतात, हिशेब जुळला कसा? मी विचारतो, लोकांना तो जुळणारच असं वाटलं कसं? त्यांनी पोथीत दामाजी ऐकला होता म्हणून. महिपतींनी एका अधिकाऱ्याची गोष्ट लिहून ठेवली आणि शंभर वर्षांनी दुसऱ्याला ओळखायची नजर बागलाणला दिली. याला मी वाङ्मयाचं यश म्हणतो. अनुप्रास मोजणाऱ्यांनी खुशाल मोजावेत.

हे केवळ आपल्याकडेच घडलं असं मात्र नाही. ओडिशात सारळादासांनी पंधराव्या शतकात महाभारत आपल्या बोलीत आणलं, जगन्नाथदासांचं भागवत गावोगावच्या भागवत टुंगीत, म्हणजे पोथी वाचायच्या घरात, वाचलं जाऊ लागलं. बलरामदासांच्या ‘लक्ष्मीपुराणा’त तर लक्ष्मी श्रिया चांडाळणीच्या घरी जाते, म्हणून तिला मंदिराबाहेर काढणाऱ्या जगन्नाथ-बलरामांवर उपाशी फिरायची पाळी येते आणि शेवटी तिच्याच हातचं जेवावं लागतं. तिकडे ते मार्गशीर्षातल्या गुरुवारी वाचतात. आपल्या बायकाही मार्गशीर्षातल्याच गुरुवारी महालक्ष्मीची पोथी वाचतात. पण आपल्या त्या पोथीत ही धग नाही, हे कबूल करायला हवं. आपली धग विठू महारापाशी.

आणि मुल्हेर! इथल्या बागुल राजाच्या दरबारी रुद्रकवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंश’ हे संस्कृत महाकाव्य रचलं. ते कपाटात राहिलं. मुल्हेरच्याच संत उद्धव महाराजांच्या समाधिमंदिरातली रासक्रीडा मात्र गावाने धरून ठेवली. कोजागरीला चंद्र उगवायच्या सुमारास केळीच्या पानाफुलांनी सजवलेलं चक्र खांबावर चढतं, गावातली मुलं राधा-कृष्ण-गोपी होतात आणि रात्रभर पदं चालतात. मराठी, हिंदी, गुजराती, सगळ्या वळणांची. सुरतेच्या वाटेवरचं गाव, तिथे असंच गाणं असणार. भागवताच्या दशम स्कंधातले रासाचे पाच अध्याय ज्यांनी उघडूनही पाहिले नाहीत, ते कुठल्या पदानंतर कुठलं पद यायचं हे झोपेतही सांगतात. एका थोर अभ्यासकाने मला ‘ही लोककला, वाङ्मय नव्हे’ असं ऐकवलं होतं. बहुधा त्यांचं जागरण कधी झालं नसावं.

पूर्वी चातुर्मासात पोथी लावली की एक वाचायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा बहुतेक वेळा पदरचं घालायचा; रावणाच्या लंकेचा बाजार सटाण्याच्या बाजारासारखा भरे, आणि खरी गंमत तीच. आता बाहेरगावचे कथाकार संगीताच्या ताफ्यासह येतात, मंडपाचा खर्च अख्ख्या गल्लीला पेलत नाही, आणि घरी ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय मोबाइल वाचतो. वाचू दे बापडा. पण त्याला मध्येच थांबवून ‘म्हणजे काय हो, अण्णा?’ असं विचारता येत नाही.

मुल्हेरच्या पदांच्या चाली अजून जाणत्या गळ्यांत आहेत.  पुढल्या कोजागरीला कुणी तरुणाने ध्वनिमुद्रणाची साधनं घेऊन पहाटेपर्यंत तिथे बसावं, आणि शब्द त्या म्हाताऱ्यांकडून तपासून घ्यावेत. चक्राचे फोटो नकोत. ते दरवर्षी पोत्याने निघतात.