मोटारीच्या काळ्या धुराचें मूळ

कंदिलाची वात फाजील वर केली, तर उजेड वाढत नाहीं. उलट कांच मात्र काळी पडते. मोटारीच्या यंत्राचेंही तसेंच आहे. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा फार कमी पडली, कीं मिश्रण ‘दाट’ होतें, काजळीचा धूर निघतो व पेट्रोलचा खर्च वाढतो.

उदाहरणादाखल १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत प्रथम दिसलेली जग्वार कंपनीची ‘एक्सके १२०’ ही वेगवान गाडी घेऊं. तिच्या सहा सिलिंडरांच्या, ३४४२ घन सेंटिमीटरच्या यंत्रास दोन मुख्य एस. यू. कार्बुरेटर हवा व पेट्रोल मिसळून पुरवितात. अशी जुनी गाडी काळा धूर सोडूं लागली, कीं पुष्कळजण लागलीच कार्बुरेटरच्या तळचा नट फिरवितात. त्यानें दोष झांकला जातो, नाहींसा होत नाहीं.

प्रथम गाडी मोकळ्या जागेंत आणावी. या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. बंद खोलींत तो प्राण घेतो.

नंतर प्लग काढून पाहावेत. टोकांवर कोरडी, मऊ काजळी असेल, तर मिश्रण दाट असावें. मात्र ठिणगी क्षीण असली तरीही प्लग काळे पडतात, म्हणून तीही तपासावी. हवेची गाळणी चोंदली आहे काय, तें पाहावें.

या गाडीस थंड यंत्र सुरू करण्यासाठीं एक लहान साहाय्यक कार्बुरेटरही असतो. यंत्र तापतांच तो आपोआप बंद व्हावयास हवा. चालू असतां तो सूं-सूं आवाज करतो. यंत्र तापल्यावरही आवाज थांबला नाहीं, तर चोर सांपडला असें समजावें! तेथें दोष नसल्यास फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा, तपासावा. त्याची सुई झिजली वा घाणीनें अडकली, कीं पातळी वर चढते.

सर्वांत शेवटीं, यंत्र मंद चालू असतां, कार्बुरेटरचा दट्ट्या सुमारें पाऊण मिलिमीटर उचलावा. वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत् झाला, तर मिश्रण योग्य. वाढलेलाच राहिला, तर दाट. यंत्र अडखळलें, तर पातळ. दाट ठरल्यावरच नट थोडा वर चढवावा.

दुर्लक्ष केल्यास जादा पेट्रोल सिलिंडरांवरील तेल धुऊन टाकतें व उत्तम यंत्र अकालीं झिजतें. गणित चुकलें असतां नुसतें उत्तर खोडून भागत नाहीं. चुकलेली पायरी शोधावी लागते. यंत्रासही हाच न्याय लागू आहे.