प्रतिक्रियेवाचून प्रयाण

५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून मंगळयान निघाले तेव्हा त्याचे वजन १३३७ किलोग्रॅम होते, आणि त्यांपैकी ८५२ किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश, नुसते इंधन होते; ज्या निरीक्षणांसाठी एवढा खटाटोप मांडला त्यांची उपकरणे मात्र सगळी मिळून पंधरा किलोग्रॅमांच्या आसपास भरत होती. अवकाशसंचाराच्या विद्येला जडलेले हे दैन्य काही आजचे नव्हे. यानाला पुढे जावयाचे तर त्याने काहीतरी मागे फेकले पाहिजे, जे फेकावयाचे ते घरूनच बरोबर नेले पाहिजे, आणि जे बरोबर घेतले त्याचे ओझे वाहण्यासाठी आणखी फेकण्याजोगे द्रव्य बरोबर घेतले पाहिजे, हा जो फेरा आहे तो रशियातील त्सिओल्कोव्हस्की ह्या शाळामास्तराने १९०३ सालीच सूत्रबद्ध करून ठेवला, आणि त्यातून सुटका करून देणारी वाट आजतागायत कोणाला सापडलेली नाही. तेव्हा काहीही न फेकता, नुसत्या विजेच्या बळावर, बंद पेटीतल्या पेटीत चाके किंवा तरंग फिरवून पुढे सरकणारे यंत्र जर कोणी करून दाखवील, तर ग्रहांचीच काय, ताऱ्यांचीही दारे मनुष्याला उघडतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. असे यंत्र केल्याचा दावा गेल्या साठ-सत्तर वर्षांत वारंवार झाला. त्या दाव्यांचे पुढे काय झाले हे पाहण्यापूर्वी ज्या नियमाशी त्यांची गाठ पडली त्याचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे.

वस्तुमान आणि वेग ह्यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. हलणाऱ्या वस्तूंमध्ये असे काहीतरी आहे की जे टकरीत एकीकडून दुसरीकडे जाते पण नाहीसे होत नाही, ही कल्पना देकार्तने १६४४ साली मांडली खरी. परंतु त्याने वेगाची दिशा जमेस धरली नाही, आणि त्यामुळे त्याचे टकरींचे नियम बहुतेक सगळे चुकले. १६६८-६९च्या सुमारास रॉयल सोसायटीने हा प्रश्न पुन्हा विचारास घेतला तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्झ ह्या तिघांच्या उत्तरांतून दिशेचे महत्त्व उघड झाले. उजवीकडचा संवेग जमेच्या बाजूला मांडला तर डावीकडचा खर्चाच्या बाजूला मांडावयाचा, आणि असे केले म्हणजे बाकी कधीच बदलत नाही. होडी धक्क्याला न बांधता तिच्यातून उडी मारणाऱ्या मनुष्याला ह्या जमाखर्चाची प्रचीती तत्काळ येते: तो जितक्या जोराने पुढे जातो तितकीच होडी मागे सरते, आणि अंतर चुकले की तो पाण्यात पडतो. १६८७ साली न्यूटनने क्रिया-प्रतिक्रियेचा नियम सांगून ह्या जमाखर्चाला कायमची सनद दिली. एखाद्या वस्तूच्या पोटात कितीही ओढाताण चालली तरी तेथील प्रत्येक रेट्याला तेथेच उलट रेटा असतो. म्हणून आतल्या आत झालेल्या घडामोडींनी त्या वस्तूचा एकूण संवेग रतिभरही वाढत नाही.

ह्या नियमाचे मूळ किती खोल गेलेले आहे हे न्यूटनलाही ठाऊक नव्हते. ते १९१८ साली गॉटिंगेन येथे एमी नोएथर ह्या गणितज्ञ विदुषीने दाखविले. अवकाशातील एका जागी जे भौतिक नियम लागू आहेत तेच दुसऱ्या जागीही लागू असतील, जागा बदलल्याने निसर्ग आपले कायदे बदलत नसेल, तर संवेग अक्षय राहिलाच पाहिजे, असे तिच्या सिद्धांतावरून निष्पन्न होते. म्हणजे संवेगाचा नियम मोडावयाचा तर केवळ न्यूटनशी भांडून भागत नाही. पुण्यात दगड जसा पडतो तसा तो लंडनमध्ये पडणार नाही, असे मानण्याची तयारी ठेवावी लागते.

ह्या नियमाबाबत घोटाळा उलट बाजूनेही होतो. रॉबर्ट गॉडर्डने अग्निबाण चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे सुचविले तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १३ जानेवारी १९२० रोजी एक संपादकीय टिपण लिहून, निर्वात पोकळीत अग्निबाणाला रेटा देण्यासाठी हवा नसते एवढेही ह्या प्राध्यापकांना कळू नये, अशी त्यांची थट्टा केली. अग्निबाण हवेला रेटीत नसून स्वतःच्याच धुराला रेटतो, आणि निर्वात पात्रात उडविला तरी त्याचा रेटा कमी होत नाही, हे गॉडर्डने प्रयोगाने तपासून ठेवले होते. त्या पत्राने आपली चूक १७ जुलै १९६९ रोजी, चंद्राकडे अपोलो निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुरुस्त केली. गॉडर्ड तेव्हा हयात नव्हते.

आता दावेदारांकडे वळू. १९५९ साली नॉर्मन डीन ह्या वॉशिंग्टनच्या गृहस्थांना अमेरिकन सरकारने एका यंत्राचे पेटंट मंजूर केले. चक्राकार गतीचे एकाच दिशेच्या गतीत रूपांतर करणारी योजना, असे त्याचे स्वरूप होते. परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारी, एका बाजूला वजन असलेली दोन चाके आणि त्यांना योग्य क्षणी पकडणारी व सोडणारी एक चौकट, एवढाच त्याचा मुख्य ऐवज. पेटंट म्हणजे योजना नवीन असल्याची सरकारी नोंद, ती चालतेच असा निवाडा नव्हे, ही गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते. जॉन कॅम्पबेल हे विज्ञानकथांच्या एका गाजलेल्या मासिकाचे संपादक. त्यांनी जून १९६०च्या अंकात ह्या यंत्राचा असा हिरिरीने पुरस्कार केला, की ते पाणबुडीत बसवून मंगळावर निघण्यापर्यंत काहींची कल्पना धावली. यंत्र तराजूवर ठेवून सुरू केले की काटा खाली उतरे, फरशीवर ठेवले की ते पुढे सरके. ह्यापरता पुरावा कोणता?

परंतु तराजू आणि फरशी ह्या दोन साक्षीदारांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाला हवे होते. स्थिर वस्तू हलविण्यास जे घर्षण आड येते ते हलत्या वस्तूच्या घर्षणाहून अधिक असते. म्हणून आतले वजन एका बाजूला सावकाश आणि दुसऱ्या बाजूला हिसक्याने नेले, तर सावकाश नेताना यंत्र फरशीला चिकटून राहते आणि हिसक्याच्या वेळी सुटून सरकते. जमेला आलेला संवेग यंत्राने निर्माण केलेला नसतो, तो फरशीकडून, म्हणजे अखेर पृथ्वीकडून, उसना घेतलेला असतो. तराजूची स्प्रिंगही हिसक्यांना सारख्या प्रमाणात जाब देत नाही आणि काटा खोटे बोलतो. हेच यंत्र लांब दोरीने छताला टांगावे. ते जर खरोखर एका दिशेला रेटा देत असेल तर दोरी तिरपी होऊन तशीच राहील, नाहीतर ते जागच्या जागी झुलत राहील. ही इतकी स्वस्त कसोटी आहे, की जो दावेदार ती टाळतो त्याच्याविषयी मत बनविण्यास आणखी पुराव्याची गरज नाही.

असल्या मोहात केवळ हौशी मंडळीच सापडतात असे मात्र नव्हे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील प्राध्यापक एरिक लेथवेट हे विद्युत्-अभियांत्रिकीत पहिल्या प्रतीचे पुरुष. त्यांनी १९७४ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना वेगाने फिरणारे जड चाक हातात घेऊन ते हलके झाल्याचा आभास निर्माण केला आणि न्यूटनचे नियम येथे अपुरे पडतात असे सूचित केले. चाक फिरू लागले म्हणजे त्याची हालचाल आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळी होते आणि मनगटाला ते सोपे वाटते, पण उचलणाऱ्यासकट ते काट्यावर ठेवले तर वजन तेवढेच भरते.

ह्या परंपरेतील अलीकडचा आणि सर्वांत गाजलेला वारस म्हणजे रॉजर शॉयर ह्या इंग्रज अभियंत्याची 'एमड्राइव्ह'. तळ रुंद आणि माथा अरुंद अशी तांब्याची, सर्व बाजूंनी बंद असलेली पोकळी. तिच्यात सूक्ष्मतरंग सोडावयाचे. ते रुंद भिंतीवर अरुंद भिंतीपेक्षा अधिक दाब देतील आणि पेटी त्या बाजूला सरकेल, असा युक्तिवाद. प्रकाशाला दाब असतो हे खरे आहे. लेबेदेव्हने विसाव्या शतकाच्या आरंभीच तो मोजला होता. पण ह्या युक्तिवादात तिरप्या भिंती हिशेबातून गळाल्या आहेत. त्यांच्यावर पडणारा दाब जमेस धरला की दोन्ही टोकांमधला फरक काट्याला काटा वजा होतो. तरीही चीनमधील शीआन येथील एका विद्यापीठातल्या गटाने अडीच किलोवॅट शक्ती देऊन ७२० मिलिन्यूटन रेटा मिळाल्याचे प्रसिद्ध केले, आणि २०१६ साली ह्यूस्टनच्या नासा केंद्रातील एका लहान प्रयोगशाळेने, निर्वात पात्रात, दर किलोवॅटला १.२ मिलिन्यूटन इतका रेटा मोजल्याचा निबंध छापला. नासाचे नाव आल्यावर वृत्तपत्रांना आणखी काय हवे? त्याच प्रयोगशाळेत २०१४ साली अशाच जातीचे दुसरे यंत्र तपासताना, रेटा देऊ नये म्हणून मुद्दाम बदललेल्या नमुन्यानेही रेटा दाखविला होता. ही गोष्ट मथळ्यात आली नाही.

येथे मोजावयाचे होते ते किती सूक्ष्म होते हे ध्यानात घेतले पाहिजे. ऐंशी वॅट शक्तीला वरील दराने मिळणारा रेटा म्हणजे सुमारे दहा मिलिग्रॅमचे वजन. समजा, यंत्राला वीज पुरविणाऱ्या तारेतून दोन अँपिअर प्रवाह वाहतो आहे आणि त्या तारेचा अवघा दोन सेंटिमीटरचा भाग उघडा राहिला आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे तेवढ्या तारेवरही सुमारे दोन मायक्रोन्यूटनांचे बल येते. तारा लांब असल्या, प्रवाह अधिक असला, यंत्र तापून त्याचा गुरुत्वमध्य केसभर सरकला, की तराजूला यंत्राविना रेटा दिसू लागतो. ड्रेस्डेन येथील मार्टिन टायमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच दिशेने तपासणी चालविली. २०१८ साली त्यांना असे आढळले, की पोकळीत जाणारी शक्ती जवळजवळ बंद केली तरी 'रेटा' तसाच राहतो. म्हणजे तो पोकळीतून येत नसून तारांवरील चुंबकीय बलातून येत असावा. २०२१ साली टांगण्याची रीत बदलून, उष्णतेमुळे होणारा बाक टाळून त्यांनी पुन्हा मोजले तेव्हा रेटा नाहीसा झाला. चिनी गटानेही त्याआधीच, २०१६ साली, विजेचा संचय यंत्रातच बसवून प्रयोग केला होता आणि बाहेरची तार जाताच आपला ७२० मिलिन्यूटनांचा डोलारा कोसळलेला पाहिला होता.

प्रयोग बाजूला ठेवून नुसता हिशेब केला असता तरी संशय यावयास हवा होता. ठराविक शक्तीला ठराविक रेटा देणारे, आणि काहीही न फेकणारे यंत्र सतत चालविले, तर खर्च झालेली ऊर्जा काळाच्या प्रमाणात वाढते, पण यंत्राची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या, म्हणजे काळाच्या वर्गाच्या, प्रमाणात वाढते. केव्हातरी दुसरी पहिलीला ओलांडून जाणारच. चिनी गटाचा आकडा खरा धरला तर स्थिर स्थितीतून निघालेले यंत्र सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेग गाठताच घातलेल्या ऊर्जेहून अधिक ऊर्जा बाळगू लागते, आणि पृथ्वीजवळून फिरणारे साधे उपग्रहही ह्याहून अधिक वेगाने धावतात. (अग्निबाणाच्या बाबतीत हा विपर्यास होत नाही, कारण तेथे फेकलेल्या वायूची ऊर्जाही हिशेबात घ्यावी लागते.) म्हणजे प्रतिक्रियेवाचून चालणारे यंत्र हे गुपचूप अविरत चालणारे यंत्रच होय. त्याचा मोह आपल्याकडेही जुना आहे: चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याचा वृत्तांत कोरला आहे त्या भास्कराचार्यांनी ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त, पोकळ आऱ्यांमध्ये अर्धा पारा भरलेले आणि आपोआप फिरत राहणारे चाक वर्णिले आहे. एवढा थोर गणिती त्या वाटेने गेला, मग इतरांना दोष का द्यावा!

शास्त्रज्ञ हे जुन्या नियमांचे अंध पुजारी असतात, असा आक्षेप दावेदारांकडून हटकून येतो. १९२४ साली नील्स बोर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रकाश व इलेक्ट्रॉन ह्यांच्या व्यवहारात ऊर्जा आणि संवेग प्रत्येक वेळी अक्षय राहत नसून केवळ सरासरीने राहत असतील, असे मत मांडले होते. त्या मतावर कोणी बहिष्कार घातला नाही. त्याची परीक्षा घेतली. बोटे व गायगर ह्यांनी बर्लिनमध्ये, तसेच कॉम्प्टन व सायमन ह्यांनी शिकागोत, एकेक टक्कर स्वतंत्रपणे तपासली, आणि १९२५ साली प्रत्येक टकरीत हिशेब जुळतो असे सिद्ध झाल्यावर बोर यांनी आपले मत मागे घेतले. नियम मोडण्याचा अधिकार बोर यांच्यासारख्यालाही होता. पुराव्याची सक्तीही त्यांना तेवढीच होती.

इंधनाची बचत करणाऱ्या सच्च्या वाटाही आहेत. व्हॉयेजर यानांनी गुरूजवळून जाताना त्याच्याच संवेगातून थोडासा घेतला, आणि गुरूचा वेग तेवढ्या अत्यल्प प्रमाणात घटला. जपानने २०१० साली सोडलेल्या 'इकारोस'ने सूर्यप्रकाशाच्या दाबावर शीड चालविले. प्रकाशच मागे फेकून पुढे जाणे तर कोणत्याही द्रव्याशिवाय शक्य आहे, फक्त त्याची किंमत जबर आहे: एक न्यूटन रेट्यासाठी सुमारे ३०० मेगावॅट, म्हणजे दर किलोवॅटला जेमतेम ३.३ मायक्रोन्यूटन. ह्याहून स्वस्त रेटा, कोणतेही द्रव्य न फेकता आणि बाहेरच्या कशालाही न रेटता, मिळणे नाही.

तेव्हा पुढेमागे असे यंत्र सापडल्याची वार्ता आली, तर वाचकाने दोन गोष्टी पाहाव्यात: दर किलोवॅटला मिळालेला रेटा ह्या आकड्याहून किती अधिक सांगितला आहे, आणि यंत्राला वीज आतून मिळत होती की बाहेरच्या तारेने. पहिला आकडा मोठा असेल आणि दुसऱ्या गोष्टीचा उल्लेखच नसेल, तर ती वार्ता विज्ञानाच्या सदरात न वाचता जाहिरातींच्या सदरात वाचावी.