शंकेचा दिवस

शाबान महिन्याच्या २९ तारखेला संध्याकाळी साताऱ्यात, सांगली-मिरजेत लोक गच्चीवर चढून चाँद शोधतात. ढगांमुळे तो दिसला नाही आणि दिसल्याची खात्रीलायक साक्षही आली नाही, तर शाबानचे ३० दिवस पूर्ण करायचे. त्या तिसाव्या दिवसाला फिकहच्या ग्रंथांत ‘यौमुश्शक’ म्हणतात, म्हणजे शंकेचा दिवस. रमजानचा म्हणून त्या दिवशी रोजा धरू नये, असा दंडक आहे. उत्साह कितीही असला तरी खात्री नसताना खात्रीचा आव आणायचा नाही.

इमाम गझाली (१०५८–११११) बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत. आत्मकथनात ते विचारतात, तारा डोळ्यांना दिनाराएवढा दिसतो, भूमिती मात्र तो पृथ्वीहून मोठा ठरवते. मग डोळ्यांवर विश्वास का ठेवावा? आणि डोळ्यांना खोटे पाडणाऱ्या बुद्धीलाही उद्या कोणी खोटे पाडले तर? सुमारे दोन महिने ते या संशयात होते. अल्लाहने हृदयात टाकलेल्या प्रकाशाने आपण सावरलो, असे ते सांगतात.

पुढे १६४१ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त अशाच वाटेने निघाला. इंद्रिये फसवतात, स्वप्नही जागेपणासारखे भासते. मग निःसंशय काय उरते? संशय घेणारा ‘मी’. तिथून तो ईश्वराच्या अस्तित्वापर्यंत गेला. १७४८ मध्ये ह्यूमने मात्र चमत्कारांच्या साक्षीच तपासायला घेतल्या. पुरावा जेवढा, तेवढाच विश्वास, ही त्याची कसोटी होती.

कऱ्हाडजवळच्या टेंभूत १८५६ मध्ये जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून याच प्रश्नांना भिडले. ते अज्ञेयवादीच राहिले. त्यांच्या सुधारकी मतांवर चिडलेल्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. आपला विरोध देवाधर्माला नसून त्यांच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, असे ते वारंवार सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरमध्ये मंजूर झाला.

गझालींचा संशय श्रद्धेपाशी विसावला, आगरकरांचा नाही. हा फरक लहान नाही आणि तो झाकण्याचे कारणही नाही. पण जे पटले नव्हते ते पटल्याचे सोंग दोघांनीही केले नाही. श्रद्धेला खरा धोका आहे तो अशा सोंगाचा, आणि त्यावर पोट भरणाऱ्यांचा.

चाँद पाहिल्याचे सांगायला येणाऱ्याला विचारले जाते: कुठे पाहिला, केव्हा, सोबत कोण होते? या प्रश्नांनी कोणाच्या इमानाला धक्का लागत नाही. उलट साक्ष पारखून घेतली, की पहाटेची सहेरी निश्चिंत मनाने होते. चाँदबाबत जे चालते, ते इतर दाव्यांबाबतही चालायला हवे. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करून आजवर कोणाची श्रद्धा बळकट झालेली नाही.