कॅप्टन टु मास्तर, व्हाया बॉण्ड

'बॉण्ड' हा शब्द आपल्या पिढीला शिकवला तो जेम्सने नाही, एच.आर.ने. कॅम्पसमधून उचलायचं, तीन महिने ट्रेनिंग द्यायचं आणि दोन वर्षांच्या कागदावर सही घ्यायची. त्या कागदाच्या धाकाने मीही एकेकाळी नको असलेलं काम करत दोन पावसाळे काढलेत. म्हणूनच २०१६ च्या उन्हाळ्यात, एडिसनला मामाच्या स्वयंपाकघरात माझा मामेभाऊ शांतपणे म्हणाला, "ताई, सहा वर्षांचा बॉण्ड साइन करतोय," तेव्हा माझ्या झाऱ्यावरची पुरी परत तेलात पडली.

सहा वर्षं! आणि कशासाठी? तर शिकवायला मिळावं म्हणून.

आमचे हे बंधुराज अमेरिकन आर्मीत कॅप्टन. जन्म न्यू जर्सीचा, मराठी मात्र मामीची, म्हणजे शंभर टक्के सांगलीची. फक्त 'र' तेवढा अमेरिकन. कॉलेजात असताना त्याने आर.ओ.टी.सी. केलं. ती साधारण आपल्या एन.सी.सी.सारखी, पण त्यातून थेट अधिकारी बनून बाहेर पडायचं असतं. २००९ मध्ये तो इंजिनिअर्समध्ये सेकंड लेफ्टनंट झाला, अफगाणिस्तानला जाऊन आला, मग शंभर-सव्वाशे सैनिकांची कंपनी सांभाळली. मी तेव्हा न्यू जर्सीत ऑनसाइट होते आणि वीकएण्डला मामीच्या हातचं जेवायला एडिसन गाठायचे. त्यामुळे हा सगळा सिनेमा मी पहिल्या रांगेतून पाहिला.

मामीची प्रतिक्रिया छापण्यासारखी आहे. "एवढ्या बंदुका चालवून शेवटी मास्तरच व्हायचं होतं, तर तुझ्या आजोबांनी सांगलीतच चिकटवलं असतं की शाळेत!" आजोबा गणिताचे शिक्षक. आणि चिरंजीवांना शिकवायचं होतं तेही गणितच. फक्त वेस्ट पॉइंटला.

'रिलीज' मिळेल का हो?

वेस्ट पॉइंट म्हणजे अमेरिकन आर्मीची ॲकॅडमी. न्यूयॉर्क शहरापासून साधारण ८० किलोमीटरवर, हडसन नदीच्या काठी, १८०२ पासून उभी. चार वर्षांचा कोर्स. शेवटी हातात पदवी आणि खांद्यावर सेकंड लेफ्टनंटचा बार.

गंमत अशी, की इथे गणित, इतिहास, इंग्रजी शिकवणारे बहुतेक जण गणवेशातले असतात. १९९० च्या दशकापासून सिव्हिलियन प्राध्यापक वाढले, पण वर्चस्व अजून गणवेशाचंच. त्यातही मोठा हिस्सा 'रोटेटिंग' लोकांचा. म्हणजे तिशीच्या आसपासचे कॅप्टन, जे काही वर्षांसाठी फौजेतून येतात, शिकवतात आणि परत फौजेत जातात. कालपर्यंत ज्याने रणगाड्यांची तुकडी हाकली, तो आज अठरा वर्षांच्या पोरांना कविता समजावतोय, असं दृश्य तिथे कुणालाही विचित्र वाटत नाही. मला वाटलं. (अजूनही थोडं वाटतं.)

आता इथे पोचायचं कसं? मला वाटायचं आर्मीत सगळं हुकमावर चालतं. बदलीचा कागद आला, बॅग भरली, निघाले. इथे तसं नाही. इथे चक्क अर्ज करावा लागतो, तोही ज्या विभागात शिकवायचंय त्या विभागाकडे. गणितवाल्यांचं गणिताकडे, इतिहासवाल्यांचं इतिहासाकडे. वेस्ट पॉइंटचेच माजी विद्यार्थी हवेत अशीही अट नाही. आर.ओ.टी.सी.मधून आलेलेही चालतात, म्हणून तर आमच्या साहेबांची डाळ शिजली.

अर्जाची फाइल पाहून मला माझ्या व्हिसाची फाइल बरी वाटली. कॉलेजच्या मार्कशिटा, जी.आर.ई.चा स्कोअर, शिफारसपत्रं, 'मला का शिकवायचंय' यावर निबंध आणि आजवरच्या सगळ्या वरिष्ठांनी लिहिलेले मूल्यमापन अहवाल. म्हणजे आपली ॲप्रेझल्स हो! फरक एवढाच, की आपलं ॲप्रेझल आपण मार्चनंतर विसरतो. त्यांचं सात वर्षांपूर्वीचं वाक्यसुद्धा कुणीतरी वाचतं. एकतिसाव्या वर्षी, दिवसभर सैनिकांना पळवून, रात्री हा माणूस जी.आर.ई.चे शब्द पाठ करत बसलेला मी पाहिलाय. मामा त्याला शब्द विचारायचा आणि स्वतःच अडखळायचा.

विभागाने फाइल पाहिली, मुलाखत घेतली, होकार दिला. संपलं? छे. आता आर्मीच्या मनुष्यबळ खात्याने त्याला सोडलं पाहिजे. हे खातं केंटकीत फोर्ट नॉक्सला बसतं आणि प्रत्येक शाखेच्या अधिकाऱ्यांचा हिशेब ठेवतं. त्यांना दुसरीकडे कुठे माणूस कमी पडत असेल, तर वेस्ट पॉइंटचा होकार तुमच्या खिशातच राहतो. आपल्याकडे नवा प्रोजेक्ट 'हो' म्हणतो आणि जुना मॅनेजर 'रिलीज' देत नाही, अगदी तस्सं! हे ऐकल्यावर मला अमेरिकन लष्कराबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

त्याला रिलीज मिळालं. मग तिसरा टप्पा: विद्यापीठात ॲडमिशन. ती आर्मी मिळवून देत नाही, ज्याची त्याने मिळवायची. ती मिळाली की मात्र चैन. २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं तो पूर्णवेळ एम.एस. करत होता. फी आर्मीची, पगार चालू, घरभाडं चालू, वर गणवेशाऐवजी जीन्स. वर्गातली बाकीची पोरं शैक्षणिक कर्ज काढून आलेली.

याचाच तो बॉण्ड. आर्मीच्या पैशाने शिकलेल्या प्रत्येक दिवसामागे तीन दिवसांची नोकरी. दोन वर्षं शिकलात, तर शिक्षण संपल्यावर सहा वर्षं तुम्ही त्यांचे. त्यातली पहिली तीन वर्षं वेस्ट पॉइंटला शिकवायचं, उरलेली तीन ते पाठवतील तिथे. म्हणजे सही केल्या दिवसापासून मोजली तर आठच्या वर. मी एक्सेल शीट काढून हे त्याला दाखवलं, तर म्हणाला, "ताई, गणिताचा अर्ज मी केलाय."

जनरल होण्याआधी मास्तर

माझी शंका पैशाची नव्हती. शंका होती करिअरची. आर्मीत ठरावीक वर्षांत वर सरकला नाहीत, तर बाहेरचा रस्ता. आणि हा माणूस पाच वर्षं सैनिकांपासून लांब जाणार. त्याच्या बरोबरीचे तेव्हा काय करणार? पुढच्या बढतीसाठी जे जे लागतं ते.

यावर त्याने मला नावं ऐकवली. दुसऱ्या महायुद्धातले जनरल ओमर ब्रॅडली १९२० ते १९२४ अशी चार वर्षं वेस्ट पॉइंटला गणितच शिकवत होते. डेव्हिड पेट्रेअस १९८५ ते १९८७ समाजशास्त्रांच्या विभागात, शिकवता शिकवता प्रिन्स्टनची पीएच.डी. पूर्ण करत. एच.आर. मॅकमास्टर १९९० च्या दशकात इतिहास शिकवायचे. त्यांच्या पीएच.डी.तून व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या सेनाप्रमुखांवर टीका करणारं पुस्तक १९९७ मध्ये आलं आणि गाजलं.

मला यातले सगळ्यात आवडले ते नॉर्मन श्वार्झकॉफ, १९९१ च्या आखाती युद्धाचे जनरल. १९६४ मध्ये आर्मीने त्यांना इंजिनिअरिंगची मास्टर्स करवली आणि वेस्ट पॉइंटला मेकॅनिक्स शिकवायला बसवलं. एक वर्ष शिकवलं, पण व्हिएतनाम पेटलेलं आणि हे फळ्यासमोर! १९६५ मध्ये त्यांनी स्वतःहून व्हिएतनाम मागून घेतलं. तिथून परत आल्यावर मात्र वेस्ट पॉइंटने उरलेली दोन वर्षं वसूल केली. बॉण्ड म्हणजे बॉण्ड, पुढे जनरल होणार असलात म्हणून काय झालं?

आणि एक कर्नल जॉर्ज लिंकन. महायुद्धात ब्रिगेडियर जनरल झालेला माणूस. १९४७ मध्ये वेस्ट पॉइंटला शिकवता यावं म्हणून त्याने खांद्यावरचा स्टार उतरवून कर्नल होणं पत्करलं. आपल्यापैकी कुणी व्हाइस प्रेसिडेंटचं मॅनेजर व्हायला तयार होईल? मी तरी नाही. मला टीम लीडवरून हलवलं तरी मी घरी आठवडाभर बोलले नव्हते.

अर्थात, ही सगळी जिंकलेल्यांची नावं आहेत. शिकवून परत गेले आणि मागे पडले, अशांची नावं कुणी सांगत नाही, हे मी त्याला तेव्हाच म्हटलं. तो म्हणाला, "माहितेय." मग पुरी मागितली.

थेअर हॉलचे फळे

ऑक्टोबर २०१९. झाडं लाल-पिवळी झालेली, मामा गाडी चालवतोय, मामीच्या मांडीवर चकल्यांचा डबा. गेटवर ओळखपत्रं दाखवून आत गेलो. शनिवार असल्यामुळे वर्ग रिकामे होते, म्हणून त्याने आम्हाला थेअर हॉल दाखवला. एकेकाळी इथे घोडेस्वारी शिकवायचे. घोडे गेले, गणित आलं. (आमच्या बॅचच्या निम्म्या मुलांनी घोडे परत मागितले असते.)

वर्गात पाऊल टाकलं आणि मामी थबकली. भिंती भरून फळे. त्याचं कारण सिल्व्हेनस थेअर. १८१७ ते १८३३ या काळात ते इथले सुपरिटेंडेंट होते आणि त्यांची पद्धत अजून चालते: धडा विद्यार्थ्याने आदल्या रात्री स्वतः वाचायचा, वर्गात येऊन फळ्यावर गणित सोडवायचं आणि सगळ्यांसमोर उभं राहून समजावून सांगायचं. त्यासाठी वर्ग लहान, अठराच्या आसपास मुलं. तास सुरू होताना सगळे सावधान, एक जण सॅल्यूट ठोकून हजेरी सांगणार. "आजोबांच्या वर्गात एवढी शिस्त असती तर ते आणखी दहा वर्षं जगले असते," मामी म्हणाली.

नव्या शिक्षकांना आधी उन्हाळ्यात काही आठवडे शिकवायचं कसं हेच शिकवतात. तिथे कॅप्टन मंडळी एकमेकांचे विद्यार्थी होतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. तरीही पहिल्या तासाला पाय कापत होते, असं त्याने कबूल केलं. "अफगाणिस्तानात निदान माहीत असायचं, की समोरच्याला मी काय सांगतोय ते कळतंय."

तिथे 'ए.आय.' म्हणजे तुम्हाला वाटतं ते नाही. ॲडिशनल इन्स्ट्रक्शन. मुलाला अडलं, की त्याने शिक्षकाची वेळ घ्यायची आणि शिक्षकाने द्यायची. त्याच्या पहिल्या सेमिस्टरला एक मुलगा जवळजवळ रोज यायचा. मेहनती, नम्र, आणि गणितात पूर्ण बुडालेला. याने सकाळी बोलावलं, रात्री बोलावलं, फळ्यावर चित्रं काढली. डिसेंबरात तो मुलगा नापास झाला आणि शेवटी ॲकॅडमी सोडून घरी गेला. मामेभाऊ त्या ख्रिसमसला घरी आला होता. जेवताना एकदाच म्हणाला, "मीच त्याला नीट शिकवू शकलो नाही." मामीने त्या दिवशी मास्तर या विषयावर एकही विनोद केला नाही. त्या मुलाचं नाव तिला अजून पाठ आहे.

परतताना गाडी दफनभूमीजवळून गेली होती. श्वार्झकॉफ तिथेच आहेत. इराक आणि अफगाणिस्तानात गेलेली, आपल्याच वयाची पोरंही तिथेच. कधीतरी ती याच इमारतींमध्ये कुणाच्या तरी वर्गात फळ्यासमोर उभी होती. मामाने गाडी हळू केली. डबा बंदच राहिला.

पुण्यात परत

२०२० मध्ये मी पुण्याला परतले. रविवारी खडकवासल्याला भजी खायला जाताना एन.डी.ए.चं गेट लागतं, तेव्हा हे सगळं आठवतं. आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे. कॅडेट्सना जे.एन.यू.ची पदवी मिळते आणि शैक्षणिक विषय मुख्यतः यू.पी.एस.सी.मार्फत निवडलेले सिव्हिलियन प्राध्यापक शिकवतात. अधिकारी स्क्वॉड्रन सांभाळतात, सैनिकी प्रशिक्षण देतात. अमेरिकेच्या नेव्हीनेही ॲनापोलिसला साधारण निम्मे प्राध्यापक सिव्हिलियन ठेवलेत. तिथे शिक्षक बदलत नाहीत, विषय मुरतो. वेस्ट पॉइंटमध्ये दर तीन वर्षांनी नवा कॅप्टन नव्याने धडपडतो, पण मुलांना काल-परवापर्यंत फौजेत असलेला माणूस समोर दिसतो. मला विचाराल तर इंजिनिअरिंगला मी पहिल्या प्रकारचा शिक्षक मागेन. पण एकतीस वर्षांचा, जी.आर.ई. पाठ करून आलेला एखादा माझ्याही नशिबी असता, तर एम-थ्री एका फटक्यात सुटलं असतं.

आमचा मास्तर २०२२ मध्ये वेस्ट पॉइंटमधून निघाला, तोवर मेजर झालेला. मग कॅन्ससला फोर्ट लेव्हनवर्थचा स्टाफ कोर्स, मग एका बटालियनमध्ये. मागे पडला का? थोडासा, असं तो म्हणतो. बरोबरीच्या दोघांना हवी ती पोस्टिंग्ज आधी मिळाली.

२०२५ च्या उन्हाळ्यात बॉण्ड संपला. सोळा वर्षं नोकरी झालेली. पेन्शन विसाव्या वर्षी, त्याआधी सोडलं तर नाही. बाहेर नोकऱ्या आहेत, चांगल्या पगाराच्या. मी फोन केला, म्हटलं, "सुटलास एकदाचा. आता काय?"

म्हणाला, "ताई, वेस्ट पॉइंटला कायमचं शिकवायचं असेल, तर पीएच.डी. लागते. आर्मी पाठवते. फॉर्म उघडून बसलोय."

"आणि बॉण्ड किती वर्षांचा?"

"ते विचारू नकोस."

मागून मामीचा आवाज आला, "विचार, विचार त्याला!"